पाळकसाहेबांची बदली झाली म्हणजे नेमकं काय झालं

मागच्या आठवड्यात तालुक्याला किराणा घ्यायला गेलो होतो, तर दुकानवाले भाऊ साखर मोजता मोजता म्हणाले, "तुमचे फादर चालले म्हणे? काहून बाप्पा, काय केलं त्यायनं?" मी म्हटलं काहीच नाही केलं, बदली झाली. भाऊंना पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. आपल्याकडे बदली म्हटलं की दोनच अर्थ, एकतर वशिला लागला नाहीतर भानगड झाली. आणि खरं सांगतो, आमच्या मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बऱ्याच लोकांना पण हे नीट माहीत नाही, ते पण दर वेळेस म्हणतात की चांगला माणूस होता, कोणीतरी वर तक्रार केली असेल. म्हणून बसून लिहून राहिलो. मी काही धर्मशास्त्र शिकलेला माणूस नाही, पण या मंडळीच्या कमिटीत बरीच वर्षं आहे, रजिस्टरं सांभाळली आहेत, तीन पाळक येताना आणि जाताना पाहिले आहेत.

आधी एक साधी गोष्ट. ते फादर नाहीत. फादर म्हणजे रोमन कॅथलिक चर्चचे, ते लग्न करत नाहीत. आमचे पाळक, कोणी पास्टर म्हणतं, कोणी रेव्हरंड, त्यांना बायको असते, पोट्टे असतात, पोट्टे झेडपीच्या नाहीतर कॉन्व्हेंटच्या शाळेत जातात, गॅस संपला की ते पण सिलिंडरच्या लायनीत उभे राहतात. पास्टर या शब्दाचा मूळ अर्थच मेंढपाळ, पाळक पण तसाच सांभाळणारा, आणि आपल्याकडे धनगर मेंढरं घेऊन कापसाच्या रिकाम्या वावरात मुक्काम करतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा शब्द जास्त सांगायची गरज नाही. धनगराला वावर नसतं, मेंढरं असतात.

आमचं चर्च मेथडिस्ट. आता मेथडिस्ट म्हणजे काय. विदर्भात ख्रिस्ती म्हटलं की सगळे एकच असं लोकांना वाटतं, पण तसं नाही. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते, ते काम पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेलं, म्हणजे सीएनआय. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट आहेत, उमरीचा मिशन दवाखाना त्यांचाच, आणि पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे धर्मशास्त्राचं कॉलेज, 1983 पर्यंत यवतमाळलाच होतं. आणि आमचं ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया. 1970 साली उत्तर भारतातली बरीच चर्चं एकत्र येऊन सीएनआय झालं तेव्हा आमचं चर्च शेवटच्या क्षणी त्यात गेलं नाही, आणि 1981 मध्ये ते अमेरिकेतल्या मूळ चर्चपासून मोकळं होऊन स्वतंत्र झालं. नागपूरकडच्या मंडळ्या मुंबई रिजनल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या मुंबई विभागात, येतात. एवढं पुरे, कारण खरी गोष्ट याच्या बरीच आधी सुरू होते.

जॉन वेस्ली नावाचा इंग्लंडमधला पाळक, जन्म 1703. ऑक्सफर्डला शिकत असताना तो, त्याचा भाऊ चार्ल्स आणि काही मित्र ठरलेल्या वेळी प्रार्थना, ठरलेल्या दिवशी उपास, तुरुंगातल्या कैद्यांना भेट, असं सगळं शिस्तीत करायचे, म्हणून बाकीचे पोरं त्यांना चिडवायला मेथडिस्ट म्हणायचे, म्हणजे मेथडनं, पद्धतीनं चालणारे. चिडवायचं नावच पुढे चर्चचं नाव झालं. एवढं सगळं करूनही वेस्लीच्या मनाला शांती नव्हती. 24 मे 1738 ला संध्याकाळी लंडनमध्ये आल्डर्सगेट स्ट्रीटवर एका छोट्या सभेत कोणीतरी जर्मनीचा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याचं लिखाण वाचत होतं, आणि ते ऐकताना त्याला वाटलं की आपलं हृदय उबदार झालं, देवानं आपली पापं, हो आपलीच, क्षमा केली. आम्ही मेथडिस्ट लोक ही तारीख अजून लक्षात ठेवतो.

पण मला स्वतःला वेस्लीची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्या वर्षी, 1739 च्या एप्रिलमध्ये, तो ब्रिस्टलच्या बाहेर उघड्यावर उपदेश करायला उभा राहिला. तोपर्यंत चर्चच्या इमारतीबाहेर उपदेश करणं त्याला स्वतःलाच बरं वाटत नव्हतं. ऐकायला यायचे ते कोळशाच्या खाणीतले मजूर, आपल्या वणी-घुग्घुसकडे जसे शिफ्ट सुटल्यावर काळे होऊन निघतात तसे, ज्यांना चर्चमध्ये कोणी बसायला जागा देत नव्हतं. लोकांनी त्याला विचारलं की दुसऱ्याच्या हद्दीत तू कसा काय उपदेश करतो, तुझी हद्द कोणती. तो म्हणाला सगळं जग माझी हद्द. तिथून पुढे मरेपर्यंत, 1791 पर्यंत, तो घोड्यावरून, म्हातारपणी घोडागाडीतून, फिरत राहिला, सगळं मिळून अडीच लाख मैल फिरला असा हिशोब सांगतात. म्हणजे आमच्या चर्चची सुरुवातच एका जागी न बसणाऱ्या माणसापासून झालेली आहे, आणि किराणा दुकानात विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

उरलेलं अर्धं बचत गटात आहे. हो, बचत गटातच, कारण वेस्लीनं काय केलं ते बचत गट चालवणाऱ्या कोणत्याही बाईला एका मिनटात कळेल. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज झालं होतं. बसून चर्चा झाली, कोणी म्हणालं प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी, म्हणजे आपला एक पैसा समजा. दुसरा म्हणाला, गरिबाला ते पण जमत नाही. तेव्हा एक माणूस उठून म्हणाला की माझ्याकडे अकरा सगळ्यात गरीब माणसं द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, ज्याच्याकडे असेल तो देईल, नसेल त्याची पेनी मी भरीन. असे बारा-बारा जणांचे गट झाले. पैसे गोळा करायला लोक घरोघरी जायला लागले आणि घरात गेल्यावर कळायला लागलं की याची बायको आजारी आहे, हा परत दारू प्यायला लागला, यांच्या घरी भांडण आहे, या पोरीला कोणी बोलायला नाही. वेस्लीच्या लक्षात आलं की कर्ज फेडायला काढलेली युक्ती खरं तर माणसांना सांभाळायची युक्ती आहे. त्या गटाला क्लास म्हणायचे आणि जो घरोघरी जायचा तो क्लास लीडर. आपल्याकडे उमेदची, म्हणजे सरकारच्या बचत गटांच्या योजनेची, सीआरपी ताई दर आठवड्याला घरी येते आणि हप्त्यासोबत घरातलं सगळं तिला कळते, तसंच.

आता हे दोन्ही एकत्र ठेवा. वेस्लीचे उपदेशक गावोगाव फिरत होते, आज इथं तर पुढच्या महिन्यात तिथं, एका जागी जास्त थांबायचे नाहीत. आणि माणसांची रोजची काळजी गावातल्याच साध्या लोकांकडे होती, चांभार, विणकर, शेतमजूर, बाया. पाळक फिरता आणि मंडळी पक्की. मेथडिस्ट चर्चची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे. पाळक गेला की मंडळी कोसळली तर चूक बदलीची नाही, चूक ही की मंडळीनं सगळं ओझं एका माणसावर टाकून ठेवलं होतं. आमच्या मंडळीत तसंच झालंय आणि मला याचं फार वाईट वाटतं, पण त्यावर नंतर येतो.

बदली कोण करतं? बिशप, म्हणजे विभागातल्या सगळ्या पाळकांवरचे प्रमुख. दर वर्षी कॉन्फरन्स भरते, सगळे पाळक आणि मंडळ्यांचे प्रतिनिधी येतात. वेस्लीनं पहिली कॉन्फरन्स 1744 मध्ये लंडनला घेतली होती तेव्हा त्यांच्यापुढे तीन प्रश्न होते, काय शिकवायचं, कसं शिकवायचं, आणि करायचं काय. आता आपल्याकडे त्यात जमिनी, कोर्टकेसेस, शाळा, दवाखाने हे पण सगळं असतं, पण शेवटी सगळ्यांचं लक्ष असतं नेमणुकांच्या यादीकडे. डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टमधल्या पाळकांवर देखरेख करणारे, ज्यांना सगळे डीएस म्हणतात, ते बिशपसोबत बसून ठरवतात आणि बिशप यादी वाचतात, मंडळीचं नाव आणि पाळकाचं नाव. ज्याचं नाव जिथं वाचलं तिथं त्यानं जायचं. आणि बिशप पण आकाशातून पडलेले नसतात, ते पाळकांमधूनच जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे देशभरातल्या चर्चच्या सभेत, निवडून येतात, आणि त्यांना जो भाग देतात तिथं त्यांना पण जावं लागते. या चर्चमधले पहिले भारतीय बिशप जे. आर. चितंबर, साधारण 1930-31 ला झाले, त्याच्या आधी सगळे बाहेरचेच होते.

यात एक बारीक गोष्ट आहे जी बहुतेक लोकांना माहीत नसते आणि मला पण कमिटीत आल्यावरच कळली. पाळकाचं नाव आमच्या मंडळीच्या सभासद रजिस्टरमध्ये नसतंच. माझं आहे, माझ्या आईचं आहे, पाळकसाहेबांचं नाही. पाळक हा कॉन्फरन्सचा सभासद असतो. म्हणजे आम्ही त्याला नोकरीवर ठेवलेलं नाही आणि तो आमचा मालक पण नाही, त्याला पाठवलेलं आहे. मंडळीतला पाटील कितीही मोठा असो, त्याच्या मनाविरुद्ध उपदेश केला म्हणून पाळकाला रविवारी काढून टाकू शकत नाही, आणि पाळक कितीही लोकप्रिय असो, चर्चला आपल्या बापाची इस्टेट समजू शकत नाही. माझ्या मते बदलीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. बाकी चर्चांमध्ये एकच पाळक तीस वर्षं, मग त्याचा पोरगा, असं पण पाहिलंय आणि त्याचं काय होते ते पण पाहिलंय.

पाळक होतात कसे, तर ते एका दिवसाचं काम नाही. आधी मंडळीतच लोकल प्रीचर म्हणून लायसन मिळते, म्हणजे पाळक नसतील तेव्हा हा उपदेश करू शकतो, आणि मंडळी बघते की पोरगा बोलतो तसा वागतो का. मग मंडळीची शिफारस, मग डिस्ट्रिक्टची, मग कॉन्फरन्सची, मग चार-पाच वर्षं धर्मशास्त्राचं शिक्षण. आमच्याकडचे पोट्टे जास्त करून जबलपूरच्या लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजला जातात, तिथली बीडी, म्हणजे धर्मशास्त्राची डिग्री, सेरामपूरची असते, तेच सेरामपूर जे विल्यम केरींनी 1818 मध्ये सुरू केलं. तिथं ग्रीक, हिब्रू, इतर धर्मांचा अभ्यास, समुपदेशन, सगळं असतं. शिकून आला की लगेच पाळक होत नाही, आधी प्रोबेशन, मग डीकनची, म्हणजे पहिल्या पायरीची, दीक्षा, मग पूर्ण सभासद आणि एल्डर, म्हणजे पूर्ण दीक्षा, तेव्हा कुठं रेव्हरंड. आणि आता बायकांना पण हे सगळं खुलं आहे. अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चमध्ये बायकांना पाळक म्हणून पूर्ण हक्क 1956 मध्ये मिळाले. तसं पाहिलं तर आपल्याकडे बायकांचं काम फार आधीचं, 1870 मध्ये इसाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन या दोघी मेथडिस्ट बायांच्या सोसायटीनं पाठवून भारतात आल्या, एकीनं लखनौला पोरींची शाळा काढली जिचं पुढे कॉलेज झालं, दुसरी बरेलीला बायकांचे इलाज करायला लागली. आणि आपल्या खेड्यांत बायबलबाई असायच्या, पायी फिरून घराघरात बायकांना वाचायला शिकवणाऱ्या, माझी आजी एका बायबलबाईकडूनच अक्षरं शिकली, चुलीपुढे राखेत बोटानं गिरवून.

कॉन्फरन्समध्ये पूर्ण सभासद करून घेताना उमेदवारांना सगळ्यांसमोर काही प्रश्न विचारतात, हे वेस्लीच्या वेळेपासूनचे प्रश्न आहेत. तुमचा ख्रिस्तावर विश्वास आहे का, तुम्ही प्रेमात पूर्णतेकडे चालले आहात का, मुलांना प्रत्येक ठिकाणी मन लावून शिकवाल का, घरोघरी भेटी द्याल का. आणि एक प्रश्न असा की तुमच्या डोक्यावर कामात अडथळा येईल एवढं कर्ज आहे का. हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला, कारण अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कोणाला तरी माहीत होतं की कर्ज माणसाच्या तोंडातला शब्द बदलते. ज्याच्यावर सावकाराचं देणं आहे तो सावकारासमोर खरं बोलत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

आता रोजचं काम. लोकांना वाटते की रविवारी एक तास. आमच्या पाळकसाहेबांकडे तालुक्याची मंडळी आणि पाच खेडी. रविवारी सकाळी तालुक्याला उपासना, दुपारी मोटरसायकलवर एका खेड्यात, संध्याकाळी दुसऱ्यात, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत दुपट्टा बांधून. खेड्यातली उपासना कोणाच्या तरी ओसरीत असते, पेटी, ढोलकी आणि झांजा, गाणी बहुतेक नारायण वामन टिळकांची. टिळक मेथडिस्ट नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणूस कुठल्याही चर्चचा असो, गातो टिळकच, आणि ख्रिस्ती होण्याच्या आधी ते नागपूरला आप्पासाहेब बुटींकडे कामाला होते म्हणून आम्ही त्यांना थोडं आपलं पण समजतो.

महिन्यातून एकदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस. मेथडिस्ट लोकांमध्ये त्यात दारू नसते, साधा रस असतो. 1869 मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट माणसानं द्राक्षाचा रस आंबू नये म्हणून तापवून बाटलीत भरायची पद्धत काढली ती प्रभुभोजनासाठीच. आमच्याकडे ताजी द्राक्षं कुठून येणार, म्हणून पाळकीणबाई शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालतात, पहाटे उकळून, कुस्करून, धुतलेल्या पांढऱ्या फडक्यातून गाळून घेतात. ते फडकं दुसऱ्या कशाला वापरत नाहीत. ज्या घरात बाप दारू पिऊन मेला त्या घरातली बाई त्या पेल्याला तोंड लावते तेव्हा तिला वासाची भीती वाटू नये, एवढं साधं कारण मला पाळकीणबाईंनीच सांगितलं होतं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि ती कशी आहे ते आपल्याला माहीत आहे, म्हणून मला हा रस फार मोठी गोष्ट वाटते.

लग्नं. इथं पाळक धर्माचं काम करतो आणि सरकारचं पण, हे लोक विसरतात. 1872 चा इंडियन ख्रिश्चन मॅरेज ॲक्ट अजून चालतो. मेथडिस्ट पाळकाला लग्न लावायचं सरकारी लायसन लागते, आधी लेखी नोटीस द्यावी लागते, ती चर्चमध्ये लावतात, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टरमध्ये सह्या आणि त्याची माहिती सरकारकडे जाते. आणि वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7. आमच्या इथं एका लग्नात वरात डीजेपाशी नाचत बसली, साडेसहा वाजून गेले, पाळकसाहेब दारात येऊन म्हणाले सात वाजल्यावर मी लग्न लावणार नाही, उद्या या. नवरदेवाचा मामा चिडला, खूप बोलला. साहेब शांतपणे एवढंच म्हणाले की या पोरीला उद्या कधी कागद लागला तर तो कागद पक्का पाहिजे. सहा पंचावन्नला सह्या झाल्या.

आणि मयत. हे मला सविस्तर सांगायचं आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैत एका खेड्यात आमच्या मंडळीतली म्हातारी माय गेली. दोन दिवसांची झड लागलेली. आमच्या भरकाळ्या जमिनीत पावसाळ्यात खड्डा खणणं म्हणजे काय ते खणणाऱ्यालाच ठाऊक, दीड हात गेलं की बाजूनं पाणी पाझरते आणि कड आत ढासळते. ख्रिस्ती लोक गावात चार घरं, खणणारे हात कमी. बौद्धवाड्यातले पोट्टे न बोलावता फावडी, टोपले घेऊन आले. पाळकसाहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, पांढरा झगा माझ्या हातात दिला आणि बादली घेऊन खड्ड्यात उतरले, ते पाणी भरून वर द्यायचे आणि आम्ही फेकायचो, तासभर. मग खाली पऱ्हाट्या अंथरल्या, त्यावर पेटी ठेवली. वर येऊन चिखलाच्या पायानंच झगा घातला आणि विधी वाचला, मातीला माती, आवाज अजिबात हलला नाही.

पण पाळकाचं काम मी तिथं नाही पाहिलं, ते आठव्या दिवशी पाहिलं. पाहुणे गेले होते. मी काही कागदासाठी त्या घरी गेलो तर म्हातारे बाबा ओसरीत लसूण सोलत बसलेले, कारण आतापर्यंत ते काम बुढीचं होतं, आणि बाजूला पाळकसाहेब पण लसूण सोलत बसलेले. कोणी काही बोलत नव्हतं. बायबल पिशवीतच होतं. अर्ध्या तासानं बाबाच म्हणाले, तिची पाकळी अशी अख्खी निघायची, माझी तुटते. साहेब म्हणाले, माझी पण तुटते. बस एवढंच. वेस्लीच्या त्या क्लास लीडरला घरात गेल्यावर जे कळायचं ते हेच.

कापसाच्या गावात पाळकाला आणखी एक काम करावं लागते जे कोणत्याच सेमिनरीत शिकवत नसतील. ज्या घरातल्या माणसानं फवारणीचं औषध घेतलं त्या घरी जाणं. प्रार्थना तर आहेच, पण त्या बाईला दुसऱ्याच आठवड्यात कागद जमवावे लागतात, सातबारा, कर्जाचा पुरावा, पोलिसांचा पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, कारण सरकारची एक लाखाची मदत मिळायची की नाही हे जिल्ह्याची समिती कागदांवरच ठरवते आणि प्रकरण अपात्र पण होते. ती बाई कधी तहसीलची पायरी चढलेली नसते. आमचे साहेब अशा एका बाईसोबत सहा वेळा गेले, ती मंडळीतली पण नव्हती. एका ऑफिसात तिला बाकावर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि उद्या या म्हटलं, तेव्हा साहेबांचे डोळे भरले होते, पण ते बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेले.

दुसरं दुखणं जातीच्या दाखल्याचं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंनाच होता, 1956 मध्ये शिखांना मिळाला, 1990 मध्ये बौद्धांना, ख्रिस्ती लोकांना अजून नाही. म्हणजे एकाच पांदणीवर राहणारे, एकाच आजोबाचे दोन नातू, एकाला स्कॉलरशिप मिळते आणि दुसऱ्याला नाही, गावात वागणूक मात्र दोघांना सारखीच. दहावी-बारावी झालेले पोट्टे पाळकाकडे येऊन विचारतात की साहेब मी फॉर्मवर काय लिहू. खोटं लिही असं पाळक म्हणू शकत नाही, आणि खरं लिहिल्यावर त्याची फी कोण भरणार हे पण त्याला माहीत असते. मला हा अन्याय वाटतो आणि मी तो तसाच लिहितो.

पगाराचं थोडक्यात. मंडळीचं दानार्पण, दशमांश, कापणीच्या सणाला लोक तूर, गहू, कोंबडी, भोपळे आणतात त्याचा लिलाव, यातून मंडळीचा वाटा भरला जातो, आणि पाऊस गेला की तो वाटा थकतो. माझ्या झेडपी मास्तर मित्राच्या पगाराच्या जवळपास पण पाळकाचा पगार जात नाही. वेस्लीबद्दल सांगतात की सुरुवातीला वर्षाला तीस पौंड मिळायचे तेव्हा अठ्ठावीसमध्ये भागवून दोन द्यायचा, पुढे साठ झाले तरी अठ्ठावीसमध्येच भागवलं आणि बत्तीस दिले. वेस्लीला तेव्हा लेकरं नव्हती. आमच्या पाळकाला दोन आहेत आणि एक दहावीत आहे.

आणि बदलीची खरी किंमत तिथंच द्यावी लागते. पाळकाला देवाचं बोलावणं असते, तो मन तयार करतो. 31 डिसेंबरच्या रात्री आणि नवीन वर्षाला आमच्याकडे कराराची उपासना होते, वेस्लीनं 1755 पासून सुरू केलेली, त्यात आपण सगळे म्हणतो की देवा, मी आता माझा नाही, मला वाटेल त्या कामाला लाव, वाटेल त्यांच्यासोबत ठेव. आम्ही ते म्हणतो आणि घरी येऊन झोपतो, पाळकाला मात्र ते पुढच्या यादीत शब्दशः करावं लागते. पण नववीतून दहावीत जाताना शाळा बदलणाऱ्या पोरीनं ते म्हटलेलं नसते. पाळकीणबाईंनी परसात लावलेला शेवगा यंदा पहिल्यांदा फुलला होता. कॉन्फरन्सनं लेकरांच्या बोर्डाच्या वर्षी बदली टाळावी असं मला मनापासून वाटते, आणि हे मी मीटिंगमध्ये पण बोललो आहे.

मंडळीनं काय करावं हे मी वर अर्धवट सोडलं होतं. क्लास लीडर आमच्याकडे नावाला पण राहिले नाहीत. म्हणून यंदा आम्ही ठरवलं की पासष्ट घरांचे सहा भाग करायचे, प्रत्येक भागाला एक जण, आणि त्यातल्या चार बाया आहेत ज्या आधीच बचत गट चालवतात, त्यांना घरोघरी जायचं कसं हे शिकवायची गरजच नाही. महिन्याला प्रत्येक घरी एक भेट. दानाची पाकिटं त्याच आणतील.

परवा साहेबांनी मला चार्ज दिला. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, लग्नाचं रजिस्टर, मयतीचं रजिस्टर, सभासदांची यादी, कॅशबुक, चर्चच्या दोन चाव्या, प्रभुभोजनाचा पेला आणि ताट, मी मोजून सह्या केल्या. टेम्पोत सामान भरणं चालू होतं, पोरीची सायकल सगळ्यात वर बांधली. शेवटी त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली, शंभर पानी, कोपरे दुमडलेले, आणि म्हणाले ही नवीन पाळकांना द्या, ही यादीत नाही. उघडून पाहिलं तर घराघराच्या भेटी होत्या, तारखेसकट. बाबांच्या नावापुढे लिहिलं होतं, एकटे जेवत नाहीत, जेवायच्या वेळेला जावे.